दाव्याआधीची परवानगी

सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. इथल्या माणसाला एखाद्या संस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या गैरकारभाराबद्दल दिवाणी कोर्टात जायचं असेल, तर तक्रार खरी असून भागत नाही. दावा लावायचीच आधी परवानगी लागते. ती कोणाकडे मागायची, हे मात्र दर काही दशकांनी बदलत गेलं.

मुळात ही अट का आली? उसने पैसे बुडाले तर ते माझे असतात, मी सरळ कोर्टात जातो. दर्ग्याचं उत्पन्न एकट्या माझं नाही. उद्या ज्याचं मुतवल्लीशी बिनसेल तो दावा ठोकू लागला, तर संस्थेचा पैसा वकिलांच्या फीमध्येच संपेल. म्हणून 1877 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम 539 आलं: स्वतः अॅडव्होकेट जनरलने दावा लावावा, नाहीतर संस्थेशी ‘थेट हितसंबंध’ असलेल्या किमान दोघांनी त्याची लेखी संमती घेऊन. रोज नमाज पढणाऱ्या माणसाचा हितसंबंध ‘थेट’ म्हणायचा का, यावर वाद होऊ लागले. 1888 मध्ये ‘थेट’ हा शब्द काढला गेला. माझ्या मते या कायद्याच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी दुरुस्ती आहे, एका शब्दाची असली तरी. 1908 च्या संहितेत हेच कलम 92 झालं.

आपल्या समाजाने या कलमाची खरी ताकद पाहिली ती मुंबईत, चांदाभाई गल्ल्याच्या खटल्यात. शेठ चांदाभाई यांच्या कबरीवर दाऊदी बोहरा भाविक नजराणा टाकत, त्या पेटीचा हा गल्ला. सर आदमजी पीरभॉय यांच्या मुलांच्या पुढाकाराने 1917 मध्ये अॅडव्होकेट जनरलने दाई सैयदना ताहेर सैफुद्दीन यांच्यावर दावा लावला. (नेरळ-माथेरानची छोटी रेल्वे उभारणारं ते हेच पीरभॉय घराणं.) दाईंची बाजू अशी की हा पैसा धर्मगुरूच्या अखत्यारीतला आहे, त्याचा हिशोब कोर्टाला देण्याचा प्रश्नच येत नाही. 1921 मध्ये न्यायमूर्ती मार्टेन यांनी गल्ला सार्वजनिक धर्मादाय असल्याचं आणि दाई त्याबाबत विश्वस्त या नात्याने जबाबदार असल्याचं ठरवलं. धर्मगुरूचा धार्मिक मान एकीकडे आणि पेटीतल्या पैशाचा हिशोब दुसरीकडे, हा फरक तिथे ठसठशीतपणे मांडला गेला.

पण पीरभॉय हे श्रीमंत घराणं, आणि मुंबईत अॅडव्होकेट जनरल हाकेच्या अंतरावर. मोठ्या शहरांबाहेर त्याचे अधिकार कलेक्टरला देता येत, म्हणजे खेड्यातल्या भाविकाने साहेबाच्या कचेरीत खेटे घालायचे.

स्वातंत्र्यानंतर बुलढाणा मध्य प्रदेशात होता. तिथल्या 1951 च्या सार्वजनिक न्यास कायद्यात कलेक्टरच न्यासांचा रजिस्ट्रार. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1961 पासून इथे मुंबई सार्वजनिक न्यास कायदा लागू झाला. त्यात कलम 92 बाजूला ठेवून दाव्याच्या संमतीचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना दिला आहे. देशात इतरत्र 1976 च्या दुरुस्तीने अॅडव्होकेट जनरलच्या जागी कोर्टाचीच परवानगी आली. महाराष्ट्रातल्या न्यासांना मात्र आधी आयुक्तांचा उंबरठा.

वक्फचा रस्ता आणखी वेगळा. 1954 च्या कायद्याने बोर्डाला स्वतः दावा लावता येई, पण इतर कुणालाही बोर्डाची लेखी संमती हवी. इथे मला खटकतं. ज्याने देखरेख ठेवायची त्याच्याच हलगर्जीपणामुळे जमीन गेली असेल, तर तो स्वतःची चूक उघडी पाडणाऱ्या दाव्याला संमती कशाला देईल? बाहेरच्यांनी वक्फमध्ये ढवळाढवळ केली की आपण मोर्चे काढतो, ते योग्यच. पण मशिदीच्या दुकानांचं भाडं किती आणि ते कुणाच्या खिशात जातं, हा प्रश्न जुम्माच्या नमाजनंतर उभं राहून विचारणारे आपल्यात किती निघतील?

1995 च्या कायद्यातलं कलम 70 म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखं आहे. वक्फशी हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती प्रतिज्ञापत्रासह बोर्डाकडे चौकशीचा अर्ज करू शकते. दोघेजण लागत नाहीत, आधी परवानगीही लागत नाही. आणि हितसंबंध कुणाचा? त्या मशिदीत, ईदगाहवर किंवा दर्ग्यात इबादत करण्याचा हक्क असलेल्या प्रत्येकाचा, हे त्याच कायद्याच्या व्याख्येत लिहिलेलं आहे.