आधी पाणी काढा

1990 च्या दशकाच्या सुरुवातीचा कुठलाही हिवाळा धरा. माँट्रियलच्या ईशान्येला, सेंट लॉरेन्स नदीकाठी वारेन गाव. बुटांवरचा बर्फ झटकून तुम्ही हायड्रो-क्वेबेकच्या संशोधन संस्थेत शिरता. आत आहे ‘टोकामॅक द वारेन’. टोकामॅक म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू, प्लाझ्मा, चुंबकांनी कोंडून सूर्यासारखे अणुसंलयन साधू पाहणारे कड्याच्या आकाराचे यंत्र. हा कॅनडातला सर्वांत मोठा, 1987 पासून चाललेला. दुरुस्तीसाठी तो उघडला होता. आज झाकणे लावून पुन्हा बंद करायचा.

फार दांडगा नाही तो. कड्याची मोठी त्रिज्या साधारण 86 सेंटिमीटर. गांधीनगरचा ‘आदित्य’ थोडा लहान, पण याच पंगतीतला. शेवटचे झाकण बसवण्याआधी आत नेलेला प्रत्येक पाना, प्रत्येक वॉशर मोजून परत घेतला जातो. तुम्हाला हातमोजे देतात. बोटाचा तेलकट ठसासुद्धा आत नको.

पंप घरघरू लागतात. हवा तशी लवकर निघते. खरी झुंज पाण्याशी. उघड्या दिवसांत धातूने आणि ग्रॅफाइटच्या फरश्यांनी हवेतली वाफ धरून ठेवलेली असते, श्रावणात कोकणातली मातीची भिंत धरते तशी. म्हणून सगळे पात्र तापवायचे आणि उपसत राहायचे. दाब बाहेरच्या हवेच्या अब्जांशाच्याही खाली गेला पाहिजे.

पडद्यावर रेणूंच्या वजनानुसार वायूंचे सुळके दिसतात. 18 वर पाणी. ते हळूहळू बसते आहे, ठीक. पण 28 आणि 32 दोन्ही ठाण मांडून आहेत, म्हणजे नायट्रोजन आणि ऑक्सिजन: कुठेतरी हवा शिरते आहे. बारीक नळीने तुम्ही एकेका जोडावर हेलियम सोडत जाता. एका खिडकीच्या कडेशी 4 चा सुळका उसळतो. सापडली गळती! बोल्ट आवळून भागत नाही, सीलच बदलावे लागते, आणि निम्मे काम पुन्हा पहिल्यापासून.

मग रात्रभर मंद विद्युत-विसर्ग. विरळ वायूचे आयन भिंतींवर आपटून चिकटलेली घाण सोडवतात, पंप ती ओढून नेतात. वर्तमानपत्रांना ‘पृथ्वीवरचा सूर्य’ हवा असतो. मला विचाराल तर टोकामॅकची निम्मी विद्या या धुण्यात आहे.

इथल्या कोणाला ठाऊक नाही, तुम्हाला आहे: केंद्र सरकारचा पैसा थांबेल आणि 1997 मध्ये हे यंत्र कायमचे बंद होईल. गळतीचा त्यात काही संबंध नसेल. तुम्ही बोलत नाही.

सकाळी चुंबकांची गुंडाळी आधी कमी प्रवाहावर तपासतात. थंड पाण्याचा प्रवाह बरोबर. दालन रिकामे, दार कुलूपबंद. वायूची फुंकर, प्रवाह, चमक, आणि क्षणात सगळे संपते. ऑक्सिजन उरला आहे. त्याचे अणू प्लाझ्माची उष्णता प्रकाशरूपाने उधळून टाकतात. पुन्हा. तिसऱ्या खेपेला आलेख जरा तग धरतो.

“आज रात्री परत सफाई,” प्रमुख म्हणतात आणि रात्रपाळीचा कागद तुमच्यापुढे सरकवतात.