रविवार, २२ जून १९८६: अझ्टेकाला जाताना

सकाळी आठच्या सुमाराला उतरा. जागा मेक्सिको सिटीच्या मध्यावरची अलामेदा बाग. मोबाइल घरीच ठेवून या आणि खिशात पेसोच्या भरपूर नोटा असू द्या. डॉलरला पाचशेच्या वर पेसो मिळताहेत, महागाई वर्षाला दुपटीच्या वेगाने पळते आहे आणि दुकानदार दरपाट्या खडूनेच लिहिणं पसंत करतात. पहिला अर्धा तास भराभर चालू नका. शहर २२४० मीटर उंचीवर आहे, कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही सुमारे सहाशे मीटर वर. दोन जिने चढलात की धाप लागेल. भोवती डोंगर असल्याने गाड्यांचा धूर बाहेर पडत नाही, त्यामुळे घसाही खवखवेल.

बागेच्या कडेला गाडीवर तामाल मिळतील, मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले. इथले लोक तो तामाल पावात घालून खातात. पिठात पीठ, पण पोट दुपारपर्यंत भरलेलं राहतं. सोबत गरम आतोले प्या. विक्रेती तुम्हाला ‘ग्वेरो’ म्हणेल, म्हणजे गोरा. तुमचा रंग कसाही असो, गिऱ्हाईक म्हटलं की तो ग्वेरोच. शेजारी पिकेच्या बाहुल्या टांगलेल्या दिसतील. पिके म्हणजे मिशा असलेली, मोठी टोपी घातलेली हिरवी मिरची, या फुटबॉल विश्वचषकाचं शुभचिन्ह. भिंतीवरच्या फलकात जग एका चेंडूने जोडलं गेल्याचं लिहिलंय. त्याच भिंतीवर कुणीतरी रंगाने उत्तरही दिलंय: गोल नकोत, घेवडा द्या.

आज शहर जरा चिडलेलं आहे. काल माँटेरेमध्ये यजमान संघ पश्चिम जर्मनीकडून हरला. १२० मिनिटं गोलशून्य आणि मग पेनल्टीत ४-१. मागच्याच रविवारी बल्गेरियाविरुद्ध मानुएल नेग्रेतेने हवेत आडवं होऊन कात्रीसारख्या पायांनी गोल मारला, तेव्हा हेच लोक रेफोर्मा रस्त्यावरच्या स्वातंत्र्यदेवतेच्या सोनेरी पुतळ्याभोवती नाचत होते. आज वर्तमानपत्रवाल्याकडे कुणी थांबत नाही.

तामाल संपला की बागेच्या पश्चिमेला पाहा. त्या मोकळ्या जागेवर हॉटेल रेहिस होतं. १९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी ते कोसळलं. त्याच्या जवळचं हॉटेल देल प्रादो उभं आहे, पण निकामी झालंय. आत दिएगो रिवेराचं पंधरा मीटर लांबीचं भित्तिचित्र अडकून पडलंय. चित्राचा विषय हीच बाग आणि रविवारची दुपार. मधोमध नटलेली सांगाडाबाई आणि तिचा हात धरलेला लहानगा दिएगो. वर्ष संपता संपता ती अख्खी भिंत उचलून रस्त्यापलीकडे नेतील. आज तुम्हाला ते चित्र दिसणार नाही, चित्रातले फुगेवाले मात्र तुमच्या आजूबाजूला फिरताहेत.

भूकंपाचा केंद्रबिंदू तीनशेहून अधिक किलोमीटर दूर, प्रशांत महासागराच्या किनाऱ्यालगत होता. तरी घरं पडली ती इथे, कारण हे शहर अझ्टेकांच्या तळ्यात भर घालून वसवलेलं आहे. तळं आटवलं, पण त्याचा चिखल खाली तसाच राहिला. लांबून आलेल्या लाटा त्या मऊ थरात शिरल्या आणि कितीतरी पटींनी वाढल्या. सगळ्यात वाईट हाल मध्यम उंचीच्या इमारतींचे झाले. समोरचा ४४ मजली तोर्रे लातिनोअमेरिकाना १९५६ पासून उभा आहे आणि त्याला काही झालं नाही. त्लातेलोल्कोतली नुएवो लिओन इमारत मात्र आडवी झाली. तिथे प्लासिदो दोमिंगो हा जगप्रसिद्ध गायक आपल्या नातेवाइकांसाठी ढिगारा उपसत होता. सरकार गोंधळलेलं होतं, परदेशी मदत घ्यावी की नाही यावर आधी नाही म्हणालं. लोकांनी वाट पाहिली नाही. घमेली, दोर, तवे, जे हाताला लागेल ते घेऊन पोरं फटींत शिरली. जुआरेझ रुग्णालयाच्या ढिगाऱ्यातून कित्येक दिवसांनी तान्ही बाळं जिवंत निघाली. आज ती नऊ महिन्यांची आहेत, रांगत असतील.

मग आठच महिन्यांत विश्वचषक झाला कसा? मुळात ही स्पर्धा कोलंबियाची. त्यांनी १९८२ मध्ये परवडत नाही म्हणून हात वर केले आणि १९८३ मध्ये ती मेक्सिकोकडे आली. मेक्सिकोची तिजोरीही काही भरलेली नव्हती. १९८२ मध्येच देश कर्जाच्या हप्त्यांसाठी सावकारांच्या दारात उभा होता. भूकंपानंतर स्पर्धा हलवण्याची चर्चा झाली, पण मैदानांना धक्का लागला नव्हता. अझ्टेका मैदान शहराच्या दक्षिणेला आहे आणि त्याच्या खाली चिखल नाही, ज्वालामुखीचा लाव्हा आहे, थिजलेला आणि टणक. एका शहरात दोन जमिनी. आज तुम्ही मऊ जमिनीवरून कठीण जमिनीवर जाणार आहात. तेवढ्यासाठी टॅक्सी करू नका.

बेयास आर्तेस स्थानकात मेट्रोची दोन क्रमांकाची गाडी पकडा, दिशा तास्केन्या. प्रत्येक स्थानकाला एक चित्र आहे. मेट्रो सुरू झाली तेव्हा अनेक प्रवाशांना वाचता येत नव्हतं, म्हणून लान्स वायमन या आरेखनकाराने ही चित्रं केली. चाबाकानोला जर्दाळू, तास्केन्याला चंद्रकोर. पिनो स्वारेसला अझ्टेकांचं छोटं देऊळ, कारण खोदकामात तिथे खरोखरच एक देऊळ सापडलं आणि ते स्थानकातच जपलंय. त्याच स्थानकाच्या डोक्यावर उंच पोलादी इमारतींचा समूह होता. त्यातलाही भाग सप्टेंबरात पडला.

पिनो स्वारेस सुटलं की गाडी बोगद्यातून उजेडात येते. पुढचं स्थानक सान अंतोनियो अबाद. इथे खिडकीजवळ उभे राहा.

रस्त्याच्या कडेला पडके मजले आणि सपाट केलेले भूखंड दिसतील. इथे कपडे शिवायचे कारखाने होते, एकावर एक, जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर. कापडाचे जड गठ्ठे, शिलाई यंत्रांच्या रांगा आणि सकाळी सातला कामावर हजर झालेल्या बाया. अनेक कारखान्यांची नोंदच नव्हती, त्यामुळे आत किती जणी होत्या हे कागदावर कुठेच नव्हतं. शेकडो मेल्या. वाचलेल्या बाया सांगत होत्या की मालक आले ते आधी यंत्रं आणि तिजोरी काढायला. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांसमोर शिलाई यंत्रं खाली उतरत होती. महिन्याभरात त्या शिवणकामगार बायकांनी आपली स्वतंत्र संघटना उभी केली आणि तिला नाव दिलं भूकंपाच्या तारखेचं. शहरात अजून तंबू आहेत, पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्या आहेत. पडक्या चाळी सरकारने ताब्यात घेऊन घरं बांधायला काढलीत. जगभरातून आलेल्या छायाचित्रकारांना बहुधा हा मार्ग कुणी सुचवत नसावं.

डब्यात तुमच्या शेजारी अर्जेंटिनाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सीतला एखादा तरुण असेल. त्याला सांगू नका, पण त्याचा संघ आज हे पट्टे घालणार नाही. समोर पांढऱ्या जर्सीतला इंग्लंड आहे, म्हणून निळा रंग. सोळा तारखेला पुएब्लात उरुग्वेविरुद्ध घातलेल्या निळ्या जर्सी जाड सुती होत्या. घामाने आणि पावसाने त्या जड झाल्या. भर दुपारी, या उंचीवर तसलं कापड नको, असं प्रशिक्षक बिलार्दोने ठरवलं. जर्सी पुरवणाऱ्या कंपनीकडे नवीन शिवायला वेळ नव्हता. मग संघाचा एक कर्मचारी मेक्सिको सिटीच्या दुकानांत हिंडला आणि हलक्या चकचकीत निळ्या जर्सी घेऊन आला. संघ क्लब अमेरिकाच्या सराव मैदानावर उतरला आहे. तिथल्या शिवणाऱ्या बायांनी घाईघाईने छातीवर बोधचिन्हं शिवली आणि पाठीवर अमेरिकन फुटबॉलचे चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले. त्यातली १० क्रमांकाची जर्सी २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात सत्तर लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. बोधचिन्ह शिवणारीचं नाव त्या लिलावाच्या बातम्यांत माझ्या तरी वाचनात आलं नाही.

तास्केन्याला मेट्रो संपते. पुढे मैदानापर्यंत नवी हलकी रेल्वे होते आहे, ती ऑगस्टात सुरू होईल. स्पर्धा जूनमध्ये संपते. असो. पेसेरो पकडा, म्हणजे माणसं कोंबलेली फोक्सवॅगनची व्हॅन. पैसे पुढच्या माणसाच्या हातात द्या, हातोहात चालकाकडे जातील आणि सुटे त्याच वाटेने परत येतील.

मैदानाबाहेर काल्डरचं लाल सूर्याचं प्रचंड पोलादी शिल्प आहे, १९६८ च्या ऑलिंपिकच्या वेळचं. आत शिरलात की वरच्या सज्ज्यात जागा शोधा. आज १,१४,५८० माणसं आहेत. याच मैदानात ३१ मेला उद्घाटनाच्या वेळी राष्ट्राध्यक्ष मिगेल दे ला माद्रिद बोलायला उभे राहिले आणि लोकांनी हुर्यो उडवून त्यांचं भाषण बुडवलं. सान अंतोनियो अबाद पाहून आलेल्याला त्याचं आश्चर्य वाटत नाही.

सामना बरोबर बाराला सुरू होतो, कारण युरोपात संध्याकाळी टीव्हीसमोर माणसं बसलेली हवीत. खेळाडूंनी तक्रार केली, उपयोग झाला नाही. हे शहर मुंबईच्याच अक्षांशावर आहे. शून्य सावलीचा दिवस मे महिन्यात होऊन गेला, पण जूनच्या या दुपारीही ऊन जवळपास डोक्यावर असतं. मैदानाच्या मधोमध तारांवर एक सांगाडा टांगलाय. त्याची सावली गवतावर कोळ्यासारखी पसरलेली दिसेल. गवत नव्याने लावलेलं, अजून नीट न रुजलेलं, जागोजाग उचकटतंय. दुसरा गोल पाहताना हे लक्षात ठेवा.

भारतात आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. गोव्यात आणि मुंबईत पाऊस कोसळतोय आणि दूरदर्शन असलेल्या घरांत शेजारीपाजारी जमलेत. या महिन्यात आपल्याकडे खरा विषय वेंगसरकरचा आहे, लॉर्ड्सवरचं त्याचं लागोपाठ तिसरं शतक. पण मध्यरात्र उलटेल तेव्हा तो विषय थोडा मागे पडेल.

सज्ज्यात दोन्हीकडचे समर्थक एकमेकांत मिसळलेत, धक्काबुक्की होईल, लांब राहा. चारच वर्षांपूर्वी फॉकलंड बेटांच्या युद्धात ६४९ अर्जेंटिनी आणि २५५ ब्रिटिश सैनिक मेले. फुटबॉलचा त्याच्याशी संबंध नाही असं खेळाडू आठवडाभर सांगताहेत, आणि ते खरं नाही हे सगळ्यांना कळतंय.

पूर्वार्ध विसरलात तरी चालेल. ५१ व्या मिनिटाला इंग्लंडच्या हॉजने चेंडू मागे, आपल्याच गोलरक्षकाकडे उंच उडवला. शिल्टन पुढे आला, त्याच्यापेक्षा वीतभर बुटका मॅराडोनाही उडाला आणि चेंडू जाळ्यात गेला. तुम्ही चाळीस वर्षांनंतरून आला आहात, काय झालं ते तुम्हाला पाठ आहे, डोळे त्या डाव्या मुठीवरच रोखलेत. तरीही दिसणार नाही. इतक्या उंचावरून दोन माणसं उडाली, एवढंच दिसतं. इंग्लंडचे खेळाडू दंडाला हात लावत पंचांकडे धावतात, तेव्हा कुठे सज्ज्यात कुजबुज सुरू होते. ट्युनिशियाचे पंच बिन नासर बल्गेरियाच्या रेषापंचाकडे पाहतात. तो मध्यरेषेकडे निघालेला असतो. गोल.

चार मिनिटांनी जे होतं ते मात्र वरूनच चांगलं दिसतं. टीव्हीवर माणूस दिसतो, इथून वाट दिसते. आपल्याच अर्ध्यात, बिअर्डस्ले आणि रीड यांच्यामध्ये मॅराडोना चेंडूसकट गर्रकन वळतो आणि उजव्या बाजूला एक लांब रिकामी पट्टी उघडते. बुचर ती बंद करायला येतो, उशिरा. फेनविकही उशिराच. डावीकडे दोघे साथीदार धावताहेत. बचाव करणारे क्षणभर त्यांच्याकडे बघतात आणि तेवढ्यात तो शिल्टनला वळसा घालतो. बुचर शेवटच्या क्षणी पाय घालतो, पण चेंडू गेलेला असतो. दहा-अकरा सेकंदं. सगळं त्या उचकटलेल्या गवतावर, एकदाही चेंडू पायापासून हातभर लांब न जाता. तुमच्या पुढच्या रांगेतला, कालपासून कुणाशी न बोललेला मेक्सिकन म्हातारा टोपी काढून उभा राहील.

८१ व्या मिनिटाला लिनेकर एक गोल फेडतो. २-१. संपलं.

परतताना तास्केन्याजवळ एखाद्या घरगुती खाणावळीत शिरा. भात घातलेलं सूप, घेवडा, टोर्टिया, असं दुपारचं साधं ताट. कोपऱ्यात टीव्ही चालू आहे, पुएब्लातून बेल्जियम आणि स्पेन.

“होवेन, तुम्ही मैदानात होतात?” मालकीणबाई विचारतात. “मग पहिला गोल हाताने मारला ते पाहिलंत ना?”

तुम्ही खरं तेच सांगता. नीट दिसलं नाही.

“एवढे पैसे भरून?” त्या पळी ठेवून डावी मूठ डोक्याशी नेऊन दाखवतात. “आम्हाला इथून दिसलं. चार वेळा दाखवलं त्यांनी.”

शेजारच्या टेबलावरचा टॅक्सीवाला म्हणतो, हाताने असो नाहीतर कानाने, इंग्रजांना मारला ना. त्यावर वाद पेटतो. दुसऱ्या गोलाबद्दल कुणाचंच दुमत नाही, त्यामुळे त्यावर कुणी बोलतही नाही. ८५ व्या मिनिटाला स्पेनचा सेन्योर लांबून बरोबरी करतो आणि सामना जादा वेळेत जातो.

“म्हणजे पुन्हा पेनल्टी,” बाई म्हणतात आणि टीव्हीचा आवाज बंद करतात. “काल पुरेशा बघितल्या. तुम्ही जेवा, सूप गार होतंय.”