दूरध्वनिकेंद्रातील ठरीव बोली

ग्राहकाशी कोणत्या शब्दांत बोलावे हे नोकराच्या स्वभावावर न सोपविता मालकाने आधीच ठरवून द्यावे, ही प्रथा आज सर्वत्र रूढ झाली आहे. तिची पाळेमुळे शोधू गेल्यास अमेरिकेतील आरंभीच्या दूरध्वनिकेंद्रांकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

२८ जानेवारी १८७८ रोजी न्यू हेवन येथे पहिले व्यापारी दूरध्वनिकेंद्र सुरू झाले. जोडणीच्या कामावर प्रथम मुलगे नेमण्यात आले. तारकचेऱ्यांत अशी मुले कामाला असतच, पण तेथे त्यांना ग्राहकाशी बोलावे लागत नसे. येथे ती तऱ्हेवाईक ग्राहकाला उलट उत्तरे देत, शिव्या हासडीत, मौजेखातर भलत्याच दोन घरांच्या तारा जोडून देत. मराठीत ‘एखाद्याचे गिऱ्हाईक करणे’ म्हणजे त्याची टर उडविणे. या मुलांनी तो वाक्प्रचार अक्षरशः खरा करून दाखविला. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टन येथे एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर आली आणि काही वर्षांतच हा व्यवसाय बहुतांशी स्त्रियांचा झाला. त्यांचा आवाज सौम्य आणि वृत्ती सोशिक, असे कारण सांगितले जाई. त्यांना वेतन कमी देता येत असे, हेही कारण होतेच.

परंतु सोशिकपणा स्वभावावर सोडून देण्यास कंपन्या तयार नव्हत्या. प्रत्येक प्रसंगाचे वाक्य आणि त्याचा स्वर ठरवून देण्यात आला. त्यांतील ‘नंबर प्लीज’ हे सर्वांत प्रसिद्ध. या दोन शब्दांत क्रियापद नाही, ‘मी’ नाही, ‘तुम्ही’ही नाही. (मराठीत याचे भाषांतर अवघड आहे, आपले आर्जव ‘सांगता का’, ‘सांगा ना’ अशा क्रियारूपांत वसते. ‘कृपया’ हा शब्द पाटीवर आणि रेल्वेच्या घोषणेत शोभतो, संभाषणात नव्हे.) बोलणारी व्यक्ती अशा रीतीने वाक्यातून नाहीशी झाली.

ग्राहकाचा राग मात्र तिच्यावरच निघे. पलीकडची लाइन गुंतलेली असो, तार नादुरुस्त असो की ग्राहकाने स्वतःच चुकीचा क्रमांक सांगितलेला असो, साऱ्या यंत्रणेत त्याच्या कानी पडणारा माणसाचा आवाज तिचा एकटीचा होता. त्याने कितीही आकांडतांडव केले तरी तिने ठरीव वाक्यापलीकडे जावयाचे नाही, असा दंडक असे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहण्यास पाठीमागे देखरेख करणारी बाई फिरत असे. ठरीव वाक्य ही एका अर्थी ढाल होती: शिवी कंपनीच्या शब्दांना लागे, मुलीला नव्हे. पण जिला खुलासाही करता येत नाही तिला ही ढाल कितपत राखीत असेल, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. १९८३ मध्ये आर्ली हॉक्शील्ड यांनी विमानसेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. ऑपरेटर मुली तसे श्रम शतकभर आधीपासून करीत होत्या.

कॅन्सस सिटीतील अंत्यविधीचा व्यावसायिक आल्मन स्ट्रॉजर हा या इतिहासातील सर्वांत चिवट तक्रारदार. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. संशय खरा की खोटा, त्यातून निपजलेले यंत्र खरे होते. १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे तसे केंद्र सुरू झाले.

इकडे एप्रिल १९१९ मध्ये ज्युलिया ओ’कॉनर यांच्या नेतृत्वाखाली न्यू इंग्लंडमधील सुमारे ८,००० ऑपरेटर स्त्रिया संपावर गेल्या. दूरध्वनी तेव्हा सरकारी नियंत्रणाखाली होते आणि पोस्टमास्टर जनरल बर्लसन वेतनवाढीची वाटाघाट होऊ देत नव्हते. सहा दिवसांत त्यांना माघार घ्यावी लागली. ज्यांना एका ग्राहकाशीही वाद घालण्याची मुभा नव्हती, त्यांनी सरकारशी वाद घातला आणि जिंकला.

त्याच वर्षाच्या अखेरीस बेल कंपनीने व्हर्जिनियातील नॉरफोक येथे आपले पहिले मोठे स्वयंचलित केंद्र उघडले. तेथे लाइन गुंतलेली असल्याचे सांगावयास कोणी नव्हते. ग्राहकाला केवळ थांबून थांबून वाजणारा एक सूर ऐकू येई.