पितळेचे घरगुती ओतकाम

पितळेचे घरगुती ओतकाम म्हणजे घरालगतच्या लहान कार्यशाळेत पितळ वितळवून, ते साच्यात ओतून शोभेच्या छोट्या वस्तू घडवण्याचे तंत्र होय. कपाटाच्या मुठी, देव्हाऱ्याचे कळस, झोपाळ्याच्या कड्यांवरील मोर अशा वस्तू या रीतीने तयार करता येतात. तांब्यापेक्षा पितळ कमी उष्णतेवर वितळते, त्यामुळे ते सोपे समजले जाते. प्रत्यक्षात त्यातील जस्त हीच या कामातील मुख्य अडचण असते.

धातूचे वर्तन

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. तांबे १०८५° से. तापमानाला वितळते, तर शुद्ध जस्त ९०७° से. तापमानाला उकळते. नेहमीचे पिवळे पितळ साधारण ९०० ते ९५० अंशांच्या दरम्यान वितळते आणि साच्यातील बारीक नक्षी भरण्यासाठी रस त्याहून सुमारे शंभर अंश अधिक तापवावा लागतो. तांब्यात मिसळलेले जस्त एकदम उकळून जात नसले, तरी या तापमानाला ते सतत वाफेच्या रूपाने निसटते व हवेत जळून जस्त ऑक्साइडचा पांढरा धूर होतो. त्यामुळे तेच पितळ पुनःपुन्हा वितळवल्यास त्याचा रंग तांबूस होत जातो. रस वितळताच ओतणे, त्यावर टाकणखार किंवा काचेच्या चुऱ्याचा थर ठेवणे आणि मूस झाकणे हे त्यावरील रूढ उपाय आहेत.

छत्तीसगडमधील बस्तर व पश्चिम बंगाल येथील डोक्रा कारागिरांच्या काही पद्धतींत मोडीचे पितळ भरलेली मूस मातीने लिंपून साच्यालाच जोडतात. धातू वितळल्यावर संपूर्ण गोळा उलटा केला की रस आपोआप साच्यात उतरतो. मूस बंद असल्याने जस्त कमी जळते.

साचा

वाळूच्या साच्यात मूळ वस्तूच फर्मा म्हणून वापरता येते. मात्र पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आकसते. १०० मिलिमीटर लांबीच्या मुठीची नक्कल साधारण ९८.५ मिलिमीटर भरते आणि जुन्या जोडीतील हरवलेली मूठ अशी घडवल्यास स्क्रूची भोके जुळत नाहीत. त्यासाठी फर्मा किंचित मोठा घ्यावा लागतो.

खोल किंवा आतून वळलेल्या नक्षीसाठी मेणाची पद्धत अधिक योग्य ठरते. मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचे थर देतात, ते वाळल्यावर तापवून मेण काढून टाकतात व पोकळीत धातू ओततात. या पद्धतीला संस्कृतमध्ये मधूच्छिष्टविधान म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचे वर्णन असून, मेणाच्या वजनावरून धातू किती लागेल हे ठरवण्याची रीतही तेथे दिली आहे. पितळ मेणाच्या सुमारे नऊपट जड असते. रसमार्गाच्या नळ्यांतील मेणही मोजून तेवढे पितळ, शिवाय थोडे जास्त घेतले जाते.

धोके

जस्ताच्या धुराने येणाऱ्या तापाला ‘धातुधूम ज्वर’ म्हणता येईल. थंडी, ताप, अंगदुखी आणि तोंडात धातूची चव ही लक्षणे काही तासांनी उद्भवतात व बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. दूध प्यायल्याने ही बाधा टळते, हा समज निराधार आहे. नळाच्या तोट्यांसारख्या मोडीत अनेकदा शिसे असते. त्याचा परिणाम असा ओसरणारा नसून ते शरीरात साठत जाते. त्यामुळे बंद खोलीत पितळ वितळवणे सर्वथा अयोग्य होय.

अधिक तातडीचा धोका ओलाव्याचा असतो. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,६०० पटींहून अधिक वाढते. ओला साचा, दमट मोड किंवा न तापवलेला चिमटा रसात गेल्यास रस उसळून अंगावर उडतो. काँक्रीटच्या जमिनीवर रस सांडल्यास तिच्यातील ओलाव्यामुळे वरचा थर फुटून उडू शकतो. म्हणून ओतण्याच्या जागी कोरड्या वाळूचा जाड थर पसरतात. सुती कपडे, चामडी हातमोजे, तोंडावरील ढाल आणि बूट झाकणारी पॅन्ट वापरली जाते.