ठासणीच्या बंदुकीची गोळी : दाट झाडीतील शिकारीसाठी निवड

नळीच्या तोंडातून दारू व गोळी भरून ती गजाने ठासावी लागते, अशा बंदुकीची गोळी. अमेरिकेत या बंदुकांनी हरणांची शिकार करण्यासाठी अनेक राज्यांत स्वतंत्र हंगाम असतो; पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या बंदुकांचा हंगाम १९७४ मध्ये सुरू झाला.

प्रकार : (१) तेल वा चरबी लावलेल्या कापडी चकतीत बसवलेली शिशाची गोल गोळी, ०.५० इंची नळीसाठी वजन सुमारे ११.५ ग्रॅ. (२) शंकूच्या आकाराची गोळी. त्याच नळीत सुमारे २४ ग्रॅ. (३) प्लास्टिकच्या वेष्टनातील कमी व्यासाची गोळी. गोल गोळीला नळीतील आट्यांचा मंद पीळ (सु. ६० इंचांत एक फेरा) मानवतो, वेष्टनातील गोळीला जलद पीळ (सु. २८ इंचांत एक).

निवड : जड गोळी फांद्या भेदून सरळ जाते, हा समज भ्रामक आहे. करंगळीएवढी डहाळीही कोणत्याही गोळीची दिशा बदलू शकते. डहाळी नळीजवळ असेल, तर सावजापाशी चूक अधिक वाढते. म्हणून मोकळ्या फटीतूनच बार काढतात. झाडीत अंतर बहुधा ५० मी.च्या आतच असते. त्यामुळे गोल गोळीचा वेग लवकर घटत असला, तरी अडत नाही. आरपार जाणारी मऊ शिशाची जड गोळी पसंत करतात, कारण दोन जखमांमुळे रक्ताचा माग झाडोऱ्यात सापडणे सोपे जाते.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. कोकणात ठासणीच्या बंदुका शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर आढळतात.