तांदळावरच्या बुरशीची कुळकथा

औषधांच्या इतिहासात कधी कधी न्यायालयात शोभतील असे प्रसंग घडतात. काल आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला आज तारणहार म्हणून पुढे येतो, आणि लोक त्याच्या दोन्ही रूपांवर तेवढ्याच घाईने विश्वास ठेवतात. रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन जातीच्या औषधांची कथा अशीच आहे.

तिचे मूळ जपानात आहे. अकिता प्रांतातील शेतकरी कुटुंबात १९३३ साली जन्मलेल्या अकिरा एंडो यांच्या मनावर फ्लेमिंगच्या चरित्राचा मोठा पगडा होता. बुरशीतून पेनिसिलीन निघाले, तर कोलेस्टेरॉलला आवर घालणारे द्रव्य का निघू नये? सांक्यो कंपनीत असताना १९७१ साली त्यांनी शोध आरंभला. सुमारे सहा हजार बुरशी आणि सूक्ष्मजीव तपासून झाले. अखेर क्योतोच्या एका धान्यदुकानातील तांदळावर वाढलेल्या बुरशीतून १९७३ साली हवे ते हाती आले. नाव पडले कॉम्पॅक्टिन. उंदरांवर त्याचा प्रभाव दिसेना. पण कोंबड्यांवर दिसला आणि पुढे माणसांवरही.

इतक्यात माशी शिंकली. दोन वर्षे भारी मात्रा दिलेल्या कुत्र्यांना लसिकापेशींचा कर्करोग झाला असावा, असा संशय निघाला आणि १९८० साली सांक्योने कॉम्पॅक्टिनचे रोग्यांवरील प्रयोग थांबवले. ती कुणकुण लागताच अमेरिकेतील मर्क कंपनीनेही लोव्हास्टॅटिन या आपल्या भावंड औषधाचे प्रयोग आवरते घेतले. नव्या तपासण्यांत लोव्हास्टॅटिनवर तसा दोष सिद्ध झाला नाही. पण ते रोग्याच्या हाती पडायला १९८७ साल उजाडले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरोग्यांवरील प्रयोगाचा निकाल आला. जवळजवळ समसमान अशा दोन गटांपैकी नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू झाले होते, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत १८२. कर्करोगाने अधिक माणसे दगावल्याचे मात्र दिसले नाही.

आरोपातून सुटलेल्या या औषधाकडे संशोधक आता उलट्या बाजूने पाहू लागले. पेशी कोलेस्टेरॉल बनवण्याआधी मेव्हॅलोनेट नावाचे द्रव्य बनवते. स्टॅटिन नेमकी तीच पायरी अडवते. परंतु त्याच द्रव्यापासून काही स्निग्ध शेपट्याही तयार होतात. त्यांच्या आधाराने ‘रास’सारखी प्रथिने पेशीच्या पटलाला चिकटतात आणि ‘वाढ’ असा हुकूम सोडतात. अनेक कर्करोगांत हा हुकूम थांबतच नाही. मग शेपटीच मिळू दिली नाही तर? काचेच्या बशीतील कर्कपेशी या माऱ्याने खरोखर मरू लागल्या.

ओसाकाच्या डॉक्टरांनी २००१ साली यकृताच्या कर्करोगाच्या ८३ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्वांना गाठीची रक्तवाहिनी बंद करून फ्लुओरोयुरासिल हे कर्करोगनाशक औषध दिले होते. निम्म्यांना पुढे प्राव्हास्टॅटिनही दिले. त्यांचे मध्यम आयुर्मान अठरा महिने निघाले, इतरांचे नऊ. पुढे २०१२ साली डेन्मार्कमधील लाखो कर्करोग्यांच्या नोंदींत, आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्यांचे कर्करोगाने होणारे मृत्यू पंधरा टक्क्यांनी कमी आढळले. आशेला पंख फुटले.

मी पडलो शाळामास्तर. आमच्या खो-खोच्या संघातील मुले इतरांहून धट्टीकट्टी असतात. पण ती खो-खोने तशी झाली, की तशी होती म्हणून संघात आली, हे नुसत्या हजेरीपटावरून सांगता येत नाही. डेन्मार्कच्या नोंदींचेही तेच आहे. नियमाने गोळी घेणारा माणूस इतर बाबतींतही जपून राहणारा असू शकतो. खरा निवाडा चिठ्ठ्या टाकून केलेल्या गटांतच होतो.

तो निवाडा ब्रिटनमध्ये २०१७ साली जाहीर झाला. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगाच्या ८४६ रोग्यांना रसायनोपचार दिले होते. निम्म्यांना जोडीला प्राव्हास्टॅटिन, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. मध्यम आयुर्मान एका गटात १०.७ महिने, दुसऱ्यात १०.६. काचेच्या बशीत जितके औषध ओतता येते तितके माणसाच्या रक्तात पोचवता येत नाही, हेही विसरून चालायचे नाही. यकृताच्या कर्करोगावर फ्रान्समध्ये, ३२३ रोग्यांवर, सोराफेनिबच्या जोडीने केलेला प्रयोगही २०१९ साली निष्फळ ठरला.

संशयापायी हृदयरोग्यांची काही वर्षे गेली. आशेपायी कर्करोग्याने मनानेच ही गोळी सुरू केली, तर तेही तितकेच घातक. काही औषधांशी तिचे जमत नाही आणि स्नायूंना अपाय होतो. तशीच हृदयासाठी चालू असलेली गोळी कर्करोगाच्या धास्तीने परस्पर बंद करणेही शहाणपणाचे नव्हे. दोन्ही गोष्टी डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

तरीही या जोडीतून एक गोष्ट पदरी पडली आहे. अँथ्रासायक्लिन जातीची कर्करोगनाशक औषधे हृदयाला दुबळे करतात. लिम्फोमाच्या ३०० रोग्यांवरील २०२३ सालच्या प्रयोगात हृदयशक्तीची ठरावीक घट बिनऔषधी गोळीच्या गटात २२ टक्क्यांना झाली, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या गटात ९ टक्क्यांना. मुख्यतः स्तनकर्करोगाच्या रोग्यांवरील आदल्या वर्षीच्या प्रयोगात मात्र असा लाभ दिसला नव्हता; म्हणून येथेही जपूनच बोलावे. एंडो २०२४ साली वारले. त्यांच्या बुरशीच्या वंशजांनी कर्करोगाला जिंकलेले नाही. पण त्याच्याशी झुंजणाऱ्या काही रोग्यांच्या हृदयाची राखण त्या करू शकतील, अशी चिन्हे आहेत. हृदयासाठीच तर त्यांचा शोध लागला होता.