देश नसलेला विक्रमवीर

इतिहास जसा राजांचा आणि लढायांचा असतो, तसा तो साध्या नोंदवह्यांचाही असतो. राज्ये उलथतात, माणसे मायदेशास पारखी होतात. परंतु कोणी तरी कोठे तरी इमानाने केलेली नोंद पुष्कळदा मागे उरते. जपानी बेसबॉलमधील व्हिक्टर स्टारफिन याचे चरित्र या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये तीनशे सामने जिंकणारा तो पहिला पुरुष. तथापि ज्या देशात तो वाढला, त्या देशाच्या नागरिकांत त्याची गणना अखेरपर्यंत झाली नाही.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. आपल्या क्रिकेटमधील गोलंदाजाशी त्याचे नाते आहे खरे, परंतु त्याच्यावरील भार फार मोठा. क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाज बदलतो. येथे एकच पिचर, बदलला जाईपर्यंत, प्रतिपक्षाच्या प्रत्येक फलंदाजास तोंड देत असतो. म्हणून संघाचा विजय एका पिचरच्या नावे मांडण्याची त्या खेळात रीत आहे. एकाच सामन्यात दोघातिघांनी चेंडू टाकले असतील, तर विजयाचा मानकरी कोण हे गुणलेखक ठरवितो. ही बारीकशी बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

स्टारफिनचा जन्म १९१६ साली रशियात, उरल पर्वताच्या परिसरातील निझ्नी तागिल येथे झाला. राज्यक्रांतीनंतर त्याचे कुटुंब परागंदा झाले आणि सैबेरिया व मांचुरिया ओलांडून जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, असाहिकावा या गावी येऊन स्थिरावले. तेथील शाळेत हा उंचापुरा मुलगा बेसबॉल शिकला आणि थोड्याच काळात त्याच्या वेगवान चेंडूंची कीर्ती सर्वत्र पसरली.

१९३४ साली बेब रूथ प्रभृती अमेरिकन खेळाडू जपानच्या दौऱ्यावर आले. त्यांच्याशी सामना देण्यासाठी योमिउरी वृत्तपत्राचे मालक शोरिकी मात्सुतारो यांनी अखिल जपानी संघ उभा केला. १९३२ च्या एका सरकारी आदेशान्वये विद्यार्थ्यांना व्यावसायिकांशी खेळण्यास मनाई होती. म्हणजे या संघात जावयाचे तर शाळा सोडणे भाग होते. स्टारफिनला शाळा सोडावयाची नव्हती. परंतु त्याचा बाप त्या वेळी एका स्त्रीच्या वधाबद्दल तुरुंगात होता. नकार दिल्यास कुटुंबाची देशातून हकालपट्टी होईल, असा धाक त्यास घालण्यात आल्याचे सांगतात. ज्याच्यापाशी कोणत्याच देशाचे नागरिकत्व नाही, त्याने असल्या धाकापुढे काय करावे? अठरा वर्षांचा स्टारफिन तोक्योस गेला. याच संघातून पुढे तोक्योचा जायंट्स संघ निर्माण झाला.

१९३६ मध्ये व्यावसायिक सामने सुरू झाले. प्रारंभी जायंट्सचा मुख्य आधार सावामुरा एइजी हा होता; तो लष्करात गेल्यावर सारा भार स्टारफिनवर पडला आणि त्याने तो समर्थपणे वाहिला. १९३९ साली संघाने ९६ सामन्यांपैकी ६६ जिंकले. त्यांतील ४२ विजय एकट्या स्टारफिनचे होते. पुढच्या वर्षी त्याने ३८ सामने जिंकले. दोन्ही वर्षी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्यासच मिळाला.

परंतु ज्या वर्षी हे कौतुक चालले होते, त्याच वर्षी त्याचे नाव मात्र खुपू लागले. परकीय शब्दांविषयी देशात द्वेष वाढत होता. १९४० मध्ये त्यास ‘सुदा हिरोशी’ हे जपानी नाव घ्यावे लागले. नाव बदलले, तरी चेहरा कसा बदलावा? युद्धाच्या उत्तरार्धात त्यास संघातून दूर व्हावे लागले आणि इतर परकीयांबरोबर कारुइझावा येथे स्थानबद्ध करण्यात आले. त्याचा सहकारी सावामुरा डिसेंबर १९४४ मध्ये सैनिक म्हणून बोटीतून जात असता समुद्रात बुडून मरण पावला. एकास देशाने आपला म्हणून मरणाकडे पाठविले. दुसऱ्यास परका म्हणून कोंडून ठेवले.

युद्धानंतर १९४६ साली स्टारफिन आपल्या मूळ नावाने मैदानात परतला. आता संघ दुबळे होते आणि वयही उतरणीस लागले होते. तरीही १९४९ मध्ये त्याने २७ सामने जिंकले, १९५५ मध्ये तीनशेचा टप्पा गाठला आणि त्याच वर्षी तो निवृत्त झाला. त्याचे एकूण विजय ३०३. त्यांतील ८३ सामन्यांत त्याने एकट्याने अखेरपर्यंत चेंडू टाकून प्रतिपक्षास एकही धाव मिळू दिली नाही. हा विक्रम जपानमध्ये अद्याप अबाधित आहे. १२ जानेवारी १९५७ रोजी तोक्योत त्याची मोटार ट्रामवर आदळली आणि चाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

यानंतरची हकीकत आपल्यासारख्या दप्तरात वावरणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. युद्धोत्तर काळात जुन्या नोंदींची फेरतपासणी होऊन, नव्या नियमांनुसार १९३९ मधील दोन विजय दुसऱ्यांच्या नावे घालण्यात आले व ४२ चा आकडा ४० झाला. पुढे १९६१ साली इनाओ काझुहिसा याने ४२ सामने जिंकले, तेव्हा हा नवा विक्रम की जुन्याशी बरोबरी, असा प्रश्न उभा राहिला. १९६२ मध्ये निर्णय झाला : त्या काळच्या गुणलेखकाने त्या काळच्या रीतीस धरून केलेली नोंद मागाहून फिरवू नये. स्टारफिनचे दोन्ही विजय त्यास परत मिळाले. त्या वेळी त्यास जाऊन पाच वर्षे झाली होती.

आपण परप्रांतात कितीही वर्षे काढली, तरी आपल्या सेवापुस्तकात मूळ गावाचा रकाना भरलेला असतो. स्टारफिनचा तो रकाना रिकामाच राहिला. परंतु असाहिकावाने पुढे आपल्या क्रीडांगणास त्याचे नाव दिले व तेथे त्याचा पुतळा उभारला. त्या नावात ‘सुदा’ नाही, ‘स्टारफिन’ आहे.